शून्य किरात

अडाण्याच्या हाती यंत्र आले की तो स्वतःला यंत्राचा मालक समजतो. अर्धवट शिकलेल्याच्या हाती आले की तो स्वतःला यंत्रच समजू लागतो. इजिप्तमधल्या आमच्या दमनहूरमध्ये या दुसऱ्या जातीचे पीक उदंड आहे, आणि त्यातला सर्वांत टपोरा दाणा म्हणजे हैथम.

नवशिक्यांना मी प्रोग्रामिंग शिकवतो. पहिल्याच धड्यात सांगतो की यंत्रातल्या प्रत्येक मूल्याला एक प्रकार असतो: पूर्णांक, दशांश, मजकूर, होय-नाही. पूर्णांकाच्या भांड्यात अपूर्णांक ओतला, तर दशांशचिन्हामागचे सारे यंत्र निमूटपणे सांडून देते आणि वर तक्रारही करीत नाही. हे मी सांगत असताना हैथम फोनवर बोलत होता. दुसऱ्या धड्यात फंक्शन येते: ठरलेली माहिती आत घ्यायची, ठरलेली क्रिया करायची, उत्तर बाहेर द्यायचे. हा धडा त्याला फार आवडला, कारण त्यात उत्तर मिळते. तिसऱ्या धड्याला तो आलाच नाही. त्याने कोर्टासमोर सोनेरी अक्षरांची पाटी लावली: ‘इंजिनिअर हैथम. वारसाहक्काचा अचूक निवाडा, क्षणात.’ लोकही त्याला ‘बाशमुहंदिस’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणू लागले. आमच्याकडे ही पदवी मिळायला गळ्यात लॅपटॉपची पिशवी पुरते.

माझ्या घरासमोरचा म्हातारा बायूमी वारला. मागे राहिली त्याची दुसरी बायको तहानी, पहिल्या बायकोची दोन मुले, शाबान आणि त्याची बहीण राविया, आणि एक तीन मजली घर. शाबानला ते घर ठेकेदाराला विकायचे होते. तहानीला तिथेच मरायचे होते. इथे मालमत्तेचे चोवीस किरात धरतात आणि मुले असली तर विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे तीन किरात मिळतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिच्या नावावर एक किरात जरी असला, तरी तिच्या सहीवाचून ठेकेदार विटेला हात लावणार नव्हता. मुळीच नसला, तर तिला रस्त्यावर काढायला शाबान मोकळा होता.

बायूमीचा चाळिसावा दिवस आटोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तहानीचा निरोप आला. “उस्ताज, हे लोक कॉम्प्युटर घेऊन आलेत. तुम्ही नुसते येऊन बसा. घरात एक तरी माणूस असू दे.”

मी गेलो. हैथमने चहाचे पेले बाजूला सारून लॅपटॉप मांडला होता. मृत पुरुष, पत्नी एक, मुलगा एक, मुलगी एक. त्याने अखेरची कळ अशी दाबली, जणू पडदाच वर जायचा होता. उत्तर आले: मुलगा सोळा, मुलगी आठ, पत्नी शून्य. एकूण चोवीस.

“सुभानल्ला!” शाबान म्हणाला. “चोवीसच्या चोवीस! एक दाणा इकडचा तिकडे नाही.”

“शून्य?” तहानी म्हणाली. “मी काय तुझ्या बापाची मोलकरीण होते? निकाह लागला होता माझा!”

“सित्त तहानी, मनाला लावून घेऊ नका,” हैथम म्हणाला. “यंत्राला तुमचं-माझं कळत नाही.”

“अरे, पण आठवा हिस्सा अल्लानं लिहून दिलाय!”

“लिहिलाय ना. पण आत फार खोल हिशेब असतो. कधीकधी काही उरत नाही.”

राविया जाजमाकडे बघत पुटपुटली, “आता कॉम्प्युटरच म्हणतोय, तर...”

झोपेतून उठवले तरी ही भावंडे आठवा हिस्सा सांगू शकली असती. पण शून्य सोयीचे होते, आणि सोयीच्या चुकीला यंत्राचा आधार मिळाला की माणसाची श्रद्धा कशी ओसंडून वाहते! चूक कुठे आहे हे मला प्रोग्राम न उघडताच कळले होते. या महाभागाने आधी एकाला आठाने भागले होते आणि मग आलेल्या उत्तराने चोवीसला गुणले होते, तेही पूर्णांकात. पूर्णांकाच्या भांड्यात एक अष्टमांश म्हणजे शून्य, आणि शून्याने काहीही गुणले तरी शून्यच. उरलेले सगळे मुलांना जात असल्याने बेरीज मात्र बिनचूक जुळली. पूर्वजांनी चोवीस हा आकडा निवडला तोच मुळी त्याचे निम्मे, तिसरा, चौथा, सहावा, आठवा हिस्सा न फुटता निघतात म्हणून. आधी गुणून मग भागले असते, तर त्या दरिद्री भांड्यातूनही तीन निघाले असते.

हे मी त्यांना सांगून पाहिले.

“उस्ताज,” शाबान म्हणाला, “तुमचा मान आहेच. पण तुम्ही पोरांना शिकवता. हा कोर्टासमोर बसतो.”

कोर्टासमोर लिंबूसरबतवालाही बसतो. पण कारण ऐकायचेच नाही अशा माणसाशी कारणाने भांडणे हा शब्दांचा अपव्यय आहे. मी म्हणालो, “बरं. तुझ्या बायकोची इद्कूला पेरूची बाग आहे ना?”

“आहे. तिच्या बापाकडून आलेली.”

“हैथम, ती वारली असं धर. मागे नवरा आणि एक मुलगा. बाकी कोणी नाही.”

“अल्ला न करो!” शाबान ओरडला.

“घाबरतोस कशाला?” राविया म्हणाली. “पडद्यावरच मरतेय ती.”

शाबानला उत्सुकता आवरेना. हैथमने पुन्हा तीच कळ दाबली. मुलगा चोवीस. नवरा शून्य.

शाबान उठून उभा राहिला. “शून्य? मला? नवऱ्याला चौथा हिस्सा असतो! सहा किरात! कुराणात लिहिलंय!”

“यंत्राला तुमचं-माझं कळत नाही, भाऊ,” राविया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

“आत... खोल हिशेब असेल...” हैथम चाचरला.

“खड्ड्यात गेला तुझा खोल हिशेब! डबडं आहे हे!”

“बरं झालं, तुला आयत पाठ आहे,” तहानी शांतपणे म्हणाली. “आता त्याच आयतीत पुढे बायकांचं काय लिहिलंय, तेही म्हण की.”

शाबानने राविया, हैथम, मी अशा एकेका तोंडाकडे पाहिले. मग मान खाली घालून तो ते पुटपुटला. आठव्या हिश्शापाशी आवाज इतका खाली गेला, की तहानीने त्याला पुन्हा म्हणायला लावले.

मी लॅपटॉप ओढून घेतला, गुणाकार आधी नेला आणि भागाकार नंतर. मुलगा चौदा, मुलगी सात, पत्नी तीन.

“काय केलंत, उस्ताज?” हैथमने कानाशी येऊन विचारले.

“पहिला धडा.”

त्याने मान डोलावली. समजले असेल असे मला वाटत नाही. सायंकाळपर्यंत त्याच्या पाटीवर ‘सुधारित आवृत्ती’ हे शब्द चढले. त्याआधी किती विधवांना त्याने शून्य वाटले, हे विचारायला त्याच्या दारी कोणी गेले नाही.

“ठीक आहे,” शाबान म्हणाला. “तीन तर तीन. विक्री झाली की तुझं तू घे.”

“विकायचं कोण म्हणालं?” तहानी म्हणाली. “माझे तीन किरात मला जिन्यात हवेत.”

“जिन्यात? जिन्यात कुणी वाटा मागतं का?”

“मी मागतेय. खोल्या तुम्ही दोघं घ्या. हवेशीर आहेत.”

कायदा असा आहे की वाटणी होईपर्यंत प्रत्येकाचा हिस्सा प्रत्येक विटेत पसरलेला असतो; तो असा एका कोपऱ्यात गोळा करता येत नाही. हरकत घेणे हा माझा स्वभाव आहे. त्या दिवशी मी घेतली नाही.

तहानी उठली, बाहेर गेली आणि सर्वांत खालच्या पायरीवर झगा पसरून बसली. शाबानचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होते. तो पायथ्याशी आला, खाकरला, थांबला. तिने पाय आवरले नाहीत.

“मला वर जायचंय,” तो म्हणाला.

“मग नीट विचारून जा,” ती म्हणाली.