डब्यातली नोटीस

दोन वर्षांच्या लीजवर सही करताना यामिनीने अमेरिकन आर्मीचं माहितीपत्रक देवांगच्या नाकासमोर धरलं होतं. "वाच. मी नोकरीत असताना मेले, तर वर्षभरात तू हे लीज मोडू शकतोस. दंड नाही. फक्त लेखी नोटीस द्यायची. आळस करू नकोस."

त्याची ही बायको आर्मीत नर्स होती आणि बोलेल ते करून दाखवायची. तिसऱ्याच महिन्यात ट्रेनिंगच्या तळावर तिचं हृदय बंद पडलं. आळस देवांगने केला. तिला जाऊन उद्या वर्ष पुरं होत होतं आणि मॉरिसव्हिलच्या त्या तीन मजली घरात तो अजून रोज दारातल्या तिच्या बुटांना अडखळत होता. बूट हलवणं जमेना, म्हणून घरच सोडायचं ठरवलं.

घरमालक पुरुषोत्तमकाका शेजारीच राहायचे. महिनाभर देवांग कागद घेऊन गेला की ते हात पाठीमागे बांधत. "अरे, आपण घरचे! कागद कसले देतोस?" याच घरच्यांनी लीजच्या बावीस पानांवर पानोपानी सह्या घेतल्या होत्या. आता पोस्टाने पाठवायलाही वेळ उरला नव्हता.

काकांच्या घरून शरयूकाकू दर गुरुवारी स्टीलचा डबा पाठवायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं देवांगला आईने शिकवलं होतं. स्वयंपाक येत नसल्याने तो वर्षभर त्यात चिप्स भरून देत होता. आज त्याने नोटीस आणि मृत्यूचा दाखला घडी करून आत ठेवला आणि शेजारची बेल वाजवली.

काकांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, कानाशी हलवला. "आज वाजत नाही. चिप्स संपले?"

"उघडा तर, काका."

त्यांनी उघडला आणि विंचू दिसल्यासारखं झाकण परत दाबलं. "ही चीटिंग आहे! मला वाटलं खायचं आहे."

"नोटीस हातात दिली की झालं. तसा कायदाच आहे."

"आणि दोन वर्षांचा शब्द दिला होता त्याचं काय?"

"यामिनीने दिला होता. जाऊन विचारा तिला."

काकू आतून आल्या. त्यांनी डबा उघडून दोन्ही कागद उभ्यानेच वाचले.

"उद्या वर्ष ना रे?"

"हो, काकू."

"अहो, कागद मिळाले म्हणून सही करा. तारीख घाला."

"अगं, पण नवा भाडेकरू..."

"वर्षभर याचे चिप्स खाल्लेत. करा सही."

काकांनी झाकणावर कागद ठेवून सही केली. काकूंनी डबा धुतला, थालीपीठं भरली आणि देवांगच्या हातात दिला. "हा परत आणायचा नाही."

घरी येताना तो पुन्हा बुटांना अडखळला.

"एक दिवस आधी दिली नोटीस, बाई," तो म्हणाला आणि बूट उचलून त्याने पहिल्या खोक्यात टाकले.