बिनचुलीचा डबा

नावड्यातल्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये, पाच खाटांच्या खोलीत शर्मिला राहायला आली, तेव्हा मालक रोहननं दोन गोष्टी बजावल्या. एक, रूममध्ये गॅस, हॉटप्लेट, इंडक्शन, काही म्हणजे काही पेटवायचं नाही. दोन, जेवणाचा डबा खालच्या मेसमधूनच घ्यायचा. आणि मेस कुणाची? रोहनच्याच बायकोची. म्हणजे तोंड बांधून बुक्क्यांचा मार, वर बुक्क्यांचे पैसेही आपणच द्यायचे.

शर्मिला धाराशिवकडची. नवरा गेल्यावर लेकीला आईपाशी ठेवून ती तळोजा एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली होती, कॉन्ट्रॅक्टवर. तिथलं कॅन्टीन फक्त कायम कामगारांसाठी. शिफ्ट सकाळी सातची, आणि या खोलीतून कंपनी चालत वीस मिनिटं. इतक्या जवळ, इतक्या भाड्यात दुसरी खाट मिळणं अवघड, हे तिलाही माहीत होतं आणि रोहनलाही. लांब राहायला गेलं तर अर्धा पगार रिक्षावाल्याच्या घशात जायचा. म्हणून चार महिने तिनं मेसचा डबा मुकाट्यानं नेला.

तो डबा पहाटे पाचला भरून रूमवर यायचा आणि कंपनीत एक वाजता उघडायचा. मे महिन्यात भाजीला चक्क फेस. एकदा त्या भाजीनं तिला असं काही लोळवलं की तीन दिवस खाडा झाला. चौथ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "बाई, जमतंय का? नाहीतर दुसरी बघतो." त्या दिवशी मात्र शर्मिलाचं डोकं फिरलं. ज्या नोकरीसाठी पोटची पोर लांब ठेवली, ती नोकरी फेसाळलेल्या दुधीपायी घालवायची? अशी कुठली शपथ घातली होती तिला?

तिनं आईला फोन केला. "ज्वारीच्या कडक भाकरी कर आणि गठ्ठा बांधून पाठव. शेंगाची चटणी पण." कडक भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ, तव्यावर पार वाळवलेली. महिनाभर हूं की चूं करत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यानं कळंबोलीला गठ्ठा उतरवला, आणि शर्मिलानं मेसमध्ये सांगून टाकलं, माझा डबा बंद.

मग तिचं रोजचं गणित सोपं झालं. मटकी भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून खाटेखालच्या पातेल्यात ठेवायची, मोड आले की त्यात कांदा, लिंबू, चटणी. भाकरी वेगळी, कोपऱ्यावरच्या दुकानातलं दही वेगळं. दुपारी दह्यात भाकरी चुरायची, वर मटकी. ना आग, ना धूर, आणि खर्च मेसच्या निम्मा. पॅकिंगच्या लाइनवरच्या बायका तिच्या डब्याभोवती गोळा व्हायला लागल्या.

रोहनचं डोकं मात्र वेगळंच चाललं. बाई मेसचं खात नाही, हॉटेलात जात नाही, आणि उपाशी तर अजिबात दिसत नाही. उलट तोंडावर तेज आलंय. म्हणजे नक्की लपून रांधते.

रविवारी सकाळी तो थेट दारात. खोलीतली सुनयना केस वाळवत बसली होती, उत्कर्षा मोबाईलमध्ये होती. उत्कर्षा रत्नागिरीकडची, अबोल पोर, मालकाची चाहूल लागली तरी पाय पोटाशी घेणारी.

"शर्मिलाताई, जरा बाजूला व्हा. चेकिंग हाय."

त्यानं प्लग बघितले. गादी उचलली. पेटीतल्या साड्यासुद्धा हलवल्या, आणि शर्मिलानं दात आवळून घेतले. शेवटी खाटेखालून पातेलं ओढून त्यानं फडक्याच्या गाठोड्यावर हात ठेवला, आणि त्याचे डोळे चमकले.

"गरम हाय! बोललो ना मी! हॉटप्लेट कुठं लपवली?"

आता काय बोलावं या पोराला! याच्या आज्याची इथंच वालाची शेतं होती. जमीन गेली, बिल्डिंगा आल्या, आणि नातवाला कडधान्य पाकिटातून कुकरात पडताना तेवढं माहीत. मोड येताना दाणा आपली ऊब आपणच धरतो, हे फडकं बांधणाऱ्याला कळतं. भाडं मोजणाऱ्याला कुठून कळणार?

"खाट खाली करा. आजच्या आज," रोहन म्हणाला. "उगाच टेन्शन नको आपल्याला."

आज खाट गेली तर उद्या सातची शिफ्ट गेली, आणि कॉन्ट्रॅक्टर दुसरी बघायला टपूनच बसलेला. क्षणभर शर्मिलाला वाटलं, हात जोडावेत, मेसचा डबा पुन्हा लावते म्हणावं. पण त्या विस्कटलेल्या साड्यांकडे तिची नजर गेली आणि जोडायला निघालेले हात तिनं गाठीला घातले. गाठोडं सुटलं. बोटाच्या पेराएवढे पांढरेशुभ्र मोड सगळीकडे.

"रोहनभाऊ, शिजवलेल्या दाण्याला मोड आलेले कुठं बघितलेत तुम्ही? घ्या, खाऊन बघा."

त्यानं दोन दाणे तोंडात टाकले. कच्चे. सुनयनाला हसू आवरेना. रोहनचे कान लाल झाले, पण मालक माणूस हरतो थोडाच.

"ते काय नाय. आजपासून रूममध्ये खाण्याचं काहीच ठेवायचं नाय. नवीन नियम."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. नियम म्हणजे नियम."

"बरं. मग उद्या पहाटे मेसचे डबे वर आणायचे नाहीत. ते बी खाण्याचंच असतंय. खाली रस्त्यावर उभं राहून वाटा तिन्ही मजल्यांच्या बायांना."

"तो डबा वेगळा."

"कसा वेगळा? कच्चं चालत नाही, शिजवलेलं चालत नाही, फक्त तुमचं नासलेलं चालतंय. असंच ना? तेवढं सगळ्या मजल्यांवर सांगून या. मग मी बॅग भरते. त्याच्या आधी इथून हलत नाही."

रोहन काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात मागून आवाज आला, इतका बारीक की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

"रोहनदादा, माझा पण डबा उद्यापासून नको."

उत्कर्षा होती. उभी राहिली होती, मोबाईल छातीशी धरून.

"आणि माझा," सुनयना म्हणाली.

"बघून घेईन एकेकीला," म्हणत रोहन जिना उतरला. एकीला काढणं सोपं होतं. तीन खाटा रिकाम्या ठेवणं त्याच्या बापालाही परवडलं नसतं.

शर्मिलानं मटकी गोळा केली आणि उत्कर्षाकडे बघितलं.

"बघत काय बसलीस? उद्या माझ्यातलंच तिघी खाऊ. जा, दुकानातून किलोभर मूग आण. आणि येताना मोठं फडकं आण."