दोनदा हुकायची रीत

लिओटा प्रुइटला जन्मापासून हात नव्हते, पण त्यावाचून तिचं काही अडलं असं कोणी म्हणू नये. पायांच्या बोटांनी ती बटाटे सोलायची, पत्रं लिहायची, वेळ पडली तर एखाद्याचा कान पिळायची. सर्कशीच्या मोठ्या तंबूशेजारच्या लहान तंबूत बावीस वर्षं तिने लोकांना हेच करून दाखवलं. आता हॉलिवूडच्या एका स्टुडिओने तिच्यासारखी सगळी मंडळी गोळा करून भयपट काढायला घेतला होता.

शेवटी ही मंडळी चिखलातून सरपटत जाऊन सर्कशीच्या दुष्ट मालकाला गाठणार, आणि लिओटाच्या दातांत सुरा असणार. ते तिने मुकाट्याने केलंही. पण त्याआधी एक लहानसा प्रसंग होता: मंडळीतल्या बुटक्या ऑर्व्हिलच्या कोटाचं तुटलेलं बटण ती सुईदोऱ्याने लावून देते. तेवढ्यापुरती ती चारचौघींसारखी बाई दिसणार होती. तो प्रसंग गेला, तर लोकांच्या डोळ्यांपुढे राहणार फक्त सुरा.

कॅमेरा सुरू झाला. लिओटाने दोरा सुईशी नेला आणि हुकवला. पुन्हा नेला, पुन्हा हुकवला. तंबूतली रीतच ती. पहिल्या झटक्यात ओवला, तर लोक म्हणतात, यात काय मोठंसं? दोनदा हुकलं की गर्दी श्वास रोखून धरते, आणि तिसऱ्यांदा टाळ्या पडतात. पायांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिसरी वेळ आलीच नाही. दिग्दर्शक हॅलोरनने कॅमेरा थांबवला. माणूस भला, पण भल्या माणसाची कीव जास्तच झोंबते. "राहू द्या बाई, उगाच त्रास नको. हा प्रसंग गाळून टाकू," म्हणत त्याने दिवे उतरवायला सांगितले.

"कर आणखी नखरे," ऑर्व्हिल पुटपुटला. "अगं, हा काय तंबू आहे?"

लिओटाचं डोकं सणकलं, तेही स्वतःवरच. माणसं शिडीवर चढली होती. हातापाया पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने ऑर्व्हिलचा कोट पायाने धरून त्याला पुढ्यात ओढलं, नीट बस म्हणून दटावलं आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. चार टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला. काय सफाई हो त्या बोटांची! शिडीवरची माणसं दिवे धरून तशीच थांबली.

"अहो, एवढं सहज जमतं, तर मघाशी काय झालं होतं?" हॅलोरनने विचारलं.

"बावीस वर्षं अवघड म्हणून दाखवलं, साहेब, तेव्हा पोट भरलं," लिओटा म्हणाली. "सहज करून दाखव, असं आजवर कोणी म्हटलंच नाही."

हॅलोरनने दिवे परत लावायला सांगितले. तोवर लिओटाने सुईच्या टोकाने नुकतंच लावलेलं बटण उसवायला घेतलं होतं.