विदोसावचा स्थिर स्क्रीन

रास्तकोला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या त्या अशा गोष्टीसाठी, की जिचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. टाळ्या कशाला वाजाव्यात याचे काही नियम असते तर हे जग वेगळंच झालं असतं म्हणा.

निश शहरातली त्यांची कचेरी परदेशातल्या विमा कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहून देई. एका दुपारी तिकडचा माणूस काही केल्या उत्तर देईना, तेव्हा रास्तको नुसताच टर्मिनलशी खेळत बसला. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात माउस हलवून काही होत नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात. त्यातल्या आज्ञा जुन्या आणि पिटुकल्या. ‘कॅट’ फाइलमधल्या ओळी भसाभसा ओकते, ‘शफ’ त्या पत्त्यांसारख्या पिसते, ‘सेड’ नको ती अक्षरं खुडते, ‘ऑक’ उरलेली उचलून स्क्रीनवर पाहिजे तिथे नेऊन टाकते. एकेकटीला फारसं काही येत नाही. पण दोघींमध्ये एक उभी रेघ मारली, की एकीच्या तोंडून पडलेलं दुसरीच्या ओंजळीत जातं, आणि मग गंमत सुरू होते. रास्तकोने आपल्याच कामाची एक जुनी फाइल अशा आज्ञांच्या साखळीत ओतली. वरून हिरवी अक्षरं ठिबकायला लागली, प्रत्येकाच्या मागे फिकट शेपूट, खाली पोचता पोचता विरून जाणारं. तो हरखला. मग त्याने सोय केली की कळफलकाला बराच वेळ कुणाचा हात लागला नाही, तर हे आपोआप सुरू व्हावं आणि कुठलंही बटण दाबलं की गुपचूप बंद व्हावं.

म्हणजे लक्षात घ्या, माणूस काम करत नसेल तेव्हाच ते चालणार. ही एवढीशी गोष्ट पुढे सगळे सोयीस्करपणे विसरले.

शेजारच्या टेबलावरचा बोरिशा ओरडलाच, “अरे रास्तको, हे काय रे! सिनेमातल्यासारखं!” पाचसहा जण जमले. कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या. पलीकडे विदोसाव सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. तोही उठून आला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, “छान आहे कुमा. हे बघून आपल्याला खरंच काही काम असेल असं वाटतं.”

सगळे हसले. रास्तकोही हसला, पण जरा उशिरा.

विदोसाव त्याचा कुम होता. लग्नात वराच्या पाठीशी उभा राहणारा, पुढे त्याच्या लेकराचं नाव ठेवणारा, तो कुम. रास्तकोच्या मुलीचं नेदा हे नाव विदोसावनेच ठेवलेलं. आमच्याकडे म्हणतात, कुम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावलं असं होत नाही. दोघं एकत्र शिकले, एकाच दिवशी कचेरीत लागले, आणि त्या दिवसापासून रास्तको दुसरा होता. अडलं की लोक विदोसावकडे जात. विम्याचे हप्ते मोजणारा तो जुना, किचकट प्रोग्राम फक्त त्याच्याच डोक्यात बसलेला. त्याची काम करायची तऱ्हाही वेगळी. स्क्रीनवर एक पान उघडायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि बघत राहायचा. अर्धी सकाळ जायची. मग चार ओळी लिहायचा आणि त्या चार ओळी पुन्हा कधी कुणाला दुरुस्त कराव्या लागायच्या नाहीत. रास्तकोला हे माहीत होतं. दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि तेच त्याला सलत होतं.

त्या सुमारास कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांचा माणूस कचेरी बघायला येणार असं ठरलं. व्यवस्थापक देसांकाबाईंची धावपळ उडाली. खुर्च्या बदलल्या, कुंड्या आणल्या, दालनाची काच पुसून घेतली. ती काच म्हणजे त्यांचा अभिमान होता. बाहेरच्या बोळातून चालत गेलं की सगळी टेबलं आणि सगळे स्क्रीन दिसत.

“रास्तको, तुझी ती अक्षरं सगळ्यांच्या स्क्रीनवर घाल,” बाई म्हणाल्या. “पाहुणे बाहेरून बघतील. कसं भरल्यासारखं दिसेल!”

“बाई, पण ते माणूस रिकामा असला की—”

“पाहुण्यांना काय कळतंय? घाल तू.”

त्याने घातली, आणि मिरवत घातली. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन, रंग कोणता हवा विचारून. बोरिशाने लाल मागितला. विदोसावने मात्र मान हलवली.

“माझ्याकडे नको रे.”

“अरे, बटण दाबलं की जातं.”

“मी बटण दाबतच नाही ना बराच वेळ. विचार करताना ती ओळ डोळ्यांसमोर लागते मला. तुझा पाऊस पडला की ओळ वाहून जाते.”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे, विदो. बाईंनी सांगितलंय.”

“मग बाईंना सांग, विदोसाव म्हातारा झालाय, त्याला भिजवू नका.” आणि त्याने एक बी दाताखाली फोडली.

पुन्हा लोक हसले. रास्तको पाय आपटत जागेवर गेला. एवढीशी गोष्ट मागितली याच्याकडे, तीसुद्धा जड झाली! म्हणे ओळ वाहून जाते. माझ्या हातून कधी नव्हे ते काहीतरी चांगलं झालंय हे बघवत नाही याला, दुसरं काय? असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला ते पटलंही.

मालकांचा माणूस आला. काचेबाहेर बराच वेळ उभा राहिला. बोरिशा त्या वेळी गच्चीवर सिगरेट ओढत होता, त्यामुळे त्याचा स्क्रीन लालेलाल, नुसता उधाणलेला. दोघं कॉफीला गेले होते, त्यांचेही स्क्रीन जिवंत. एक माणूस तेवढा जागेवर बसून काम करत होता, आणि त्याच्या स्क्रीनवर काही म्हणता काही हलत नव्हतं. पाहुण्याने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी विदोसावकडे बघितलं.

त्यानंतर काही दिवसांनी देसांकाबाईंनी रास्तकोला खोलीत बोलावलं. स्वतः कॉफी आणली, गोड वडीची बशी पुढे केली. आमच्याकडे वरिष्ठांनी स्वतः उठून कॉफी आणली की समजावं, काहीतरी कडू यायचंय.

“तुमच्या गटातल्या चौघांतला एक जण कमी करायचाय,” बाई म्हणाल्या. “माझ्या हातात नाही. त्या माणसाने लिहून पाठवलंय, कोपऱ्यातला जो आहे त्याचा स्क्रीन मेलेला होता, तो काय करतो?”

रास्तकोने कॉफीत बघितलं.

“मला प्रोग्रामिंगमधलं काही कळत नाही, तुला ठाऊक आहे,” बाई पुढे बोलल्या. “विदोसाव हुशार आहे म्हणतात. पण मीही रोज काचेतून बघते, तो नुसता बसलेला असतो. तू त्याचा कुम. तू मला सांग, तो नसला तर चालेल का? नाही चालणार म्हणालास, तर मी भांडेन त्यांच्याशी. मग चौघांतलं दुसरं नाव द्यावं लागेल, ते बघू.”

एक वाक्य लागत होतं. ‘बाई, तो विचार करत असतो, आणि बाकी सगळे त्याच्या विचारावर जगतात.’ एवढंच. रास्तकोच्या जिभेवर ते आलंही. पण त्याच्यामागून दुसरं नाव आलं, त्याचं स्वतःचं. आणि त्याच्याही मागून काहीतरी आलं, ते भीतीपेक्षा वाईट होतं. त्याला दिसलं की विदोसावचं टेबल रिकामं आहे, आणि अडलेली माणसं आता आपल्याकडे येताहेत.

भीती एक वेळ माफ करता येते हो. पोरंबाळं असतात माणसाला. पण या दुसऱ्या गोष्टीला काय म्हणायचं?

“बाई,” तो म्हणाला, “मी दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत नाही.”

बाईंनी बशी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “बरं. वडी घे.”

त्याने घेतली.

विदोसावला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्याने आपला पेला, दोन पुस्तकं आणि बियांची पुडी खोक्यात घातली. रास्तकोने खोकं उचललं आणि गाडीपर्यंत नेऊन दिलं.

“मला काहीच कल्पना नव्हती रे, कुमा,” तो म्हणाला. “शपथ.”

विदोसावने गाडीचं दार उघडलं. “बरं,” म्हणाला. “नेदाला पापी दे माझी.”

पुढे विम्याच्या हप्त्यांचा प्रोग्राम दोनदा अडला. लोक रास्तकोकडे आले, आणि तो स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसला. काही सुचेना. थोड्या वेळाने वरून हिरवी अक्षरं पडायला लागली. शेवटी मालकांनी ते काम दुसऱ्या देशातल्या कुणाला तरी देऊन टाकलं.

मग संत लुकाचा दिवस आला. विदोसावच्या घराण्याचा तो संत, त्यामुळे त्यांची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा घरगुती सण, त्या दिवशी. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचंय तो येतो, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नसतं, मग तो वैरी का असेना.

“मला बरं नाही वाटत,” रास्तको बायकोला म्हणाला.

“बरं नाही म्हणे!” जागोदा उसळली. “नेदाला ताप आहे म्हणून मी घरी. तूही गेला नाहीस तर लोक काय म्हणतील? माणूस कामावरून गेला आणि कुमाने तोंड फिरवलं? ऊठ, दाढी कर.”

तो गेला. दारात विदोसाव उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. तीनदा गालाला गाल लावले. “स्लावा सुखाची होवो, यजमान,” रास्तको म्हणाला. “आलास ते बरं केलंस,” विदोसाव म्हणाला. त्याच्या बायकोने, स्तानाने, उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ पुढे केला. रास्तकोने चमचाभर घेतला आणि कुमाच्या मानाच्या जागी जाऊन बसला. टेबल भरलेलं होतं, भाजलेलं डुकराचं मांस, कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेला सारमा, लोणच्याच्या मिरच्या. शेजारीपाजारी आले होते. विदोसाव सगळ्यांचे पेले भरत होता. यजमानाने त्या दिवशी बसायचं नसतं, पाहुण्यांची उठबस करायची असते.

राकिया, ती फळांची कडक दारू, दोनदा फिरली आणि विदोसावची आई, कोसारामावशी, रास्तकोच्या बाजूला येऊन बसली. म्हातारीने त्याचा हात हातात घेतला.

“रास्तको, खरं सांग मला. तू तिथेच होतास ना? माझ्या पोराला काढलं, तेव्हा त्याच्यासाठी कुणी बोललं की नाही? तू काही बोललास?”

टेबलावरचे काटेचमचे थांबले. रास्तकोने पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

“बोलला ना, आई,” मागून विदोसाव म्हणाला. हातात राकियाची बाटली होती. “भांडला माझ्यासाठी. बाईंच्या खोलीत जाऊन भांडला. पण त्यांचं ठरलंच होतं.”

“वाटलंच मला!” म्हातारीचे डोळे भरले. “शेवटी कुम तो कुम!” शेजाऱ्यांनी पेले उंचावले. कुणीतरी रास्तकोची पाठ थोपटली. त्याचा जीव भांड्यात पडला. याला काही कळलेलं नाही, त्याला वाटलं, देवा, याला काही कळलेलं नाही! तो पोटभर जेवला. दोनदा सारमा मागून घेतला.

निघताना विदोसाव त्याच्यासोबत दारापर्यंत आला आणि खुंटीवरचा कोट काढून त्याच्यासाठी धरला.

“मी बाईंना विचारलं होतं,” तो हळूच म्हणाला. “रास्तकोला तरी विचारायचंत, म्हटलं. त्या म्हणाल्या, विचारलं, पण तो दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत नाही.”

रास्तकोचा एक हात बाहीत होता, दुसरा बाहेरच राहिला.

“विदो, दुसरं नाव माझं असतं रे. घाबरलो मी.”

“नाही,” विदोसाव म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “घाबरला असतास तर त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला असतास. घाबरलेला माणूस कुमाकडेच येतो. मी आत जे बोललो ते आईसाठी बोललो. तिचा जीव आहे तुझ्यावर, आणि या वयात तो कुठे हलवणार ती? पुढच्या वर्षीही ये. स्लावाला बोलावणं नसतं, त्यामुळे येऊ नकोस असंही कुणाला म्हणता येत नाही.”

त्याने दुसरी बाही पुढे केली. तेवढ्यात आतून कोसारामावशी लगबगीने आली, हातात फडक्यात बांधलेला डबा.

“अरे, तसाच निघालास? जागोदाला सारमा दे, पोरीला केक दे. आणि तुला काय देऊ बाबा मी? स्वतःच्या पोटाची पर्वा न करता माझ्या लेकरासाठी उभा राहिलास!” तिने त्याच्या गालांना तीनदा ओठ लावले. तिचे गाल ओले होते.

रास्तकोने विदोसावकडे बघितलं. विदोसाव त्याच्या कोटाची कॉलर नीट करत होता.

रास्तकोने डबा दोन्ही हातांनी घेतला. “एवढं कशाला, मावशी,” तो म्हणाला. “कुमासाठी कुणीही केलं असतं.”