टाकीची किल्ली

ब्लीचिंग पावडरच्या पिशव्या सात. सहा बंद, एक उघडी. आकांक्षानं पुन्हा मोजल्या, सातच. अण्णांच्या शेवटच्या सकाळी तिनंच त्या रचायला मदत केली होती. तेव्हाही सातच होत्या, आणि उघड्या पिशवीतली पावडर आजही तेवढीच होती.

कचरूअण्णा गावाच्या पाणीपुरवठ्यावर नोकर. एकोणीस वर्षं रोज पहाटे त्यांनी टाकीत पावडर टाकली. ते गेले तेव्हा सरपंच भारतरावांनी मान म्हणून टाकीखालच्या त्यांच्या पावडरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली हारासोबत फोटोला अडकवली. तेराव्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मोटर मात्र बाहेरच्या बटणावर रोज चालत होती. आज तेरावा. फोटोजवळ ठेवायला अण्णांची खांद्याची पिशवी आणायची म्हणून आकांक्षानं खोली उघडली होती.

वंदनाकाकूच्या लेकराला सकाळीच जुलाबानं टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं होतं. तेव्हा आकांक्षाला वाटलं, ऊन लागलं असेल. आता तिला पाण्याची शंका आली. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे त्यांच्या पाणी तपासायच्या पेटीतल्या नळीत तिनं टाकीचं पाणी घेतलं, औषधाचा थेंब टाकला. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही.

ती मांडवाकडं पळाली. पहिली पंगत बसत होती.

"पाणी वाढू नका!"

भारतराव माइक धरून उभे होते. "पोरी, दोन शब्द बोलून राह्यलो अण्णावर. जेवणं होऊ दे, मंग बघू."

"काका, अण्णा गेल्यापास्नं पावडरच पडली न्हाई. किल्ली फोटोला व्हती."

"अगं, मानाची गोष्ट व्हती ती. एवढ्यानं काय हुतंय?"

"वंदनाकाकूचं लेकरू सलाइनवर हाय."

माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. बायकांतून अण्णांच्या पत्नी पुष्पाबाई उठल्या.

"भारतराव, त्यायनी तापातबी खाडा केला न्हाई. त्यायच्या तेराव्याला कुणाचं लेकरू गेलं, तर म्या कोण्या तोंडानं बसू? वता ते पाणी."

पिंपं उपडी झाली. उघड्या पिशवीतली पावडर उतरलेली असणार म्हणून आकांक्षानं नवी पिशवी फोडून अडीचशे ग्रॅम पावडर मोजली, बादलीत कालवली. भारतराव स्वतः बादली घेऊन शिडी चढले.

पावडर पाण्यात मुरायला अर्धा तास थांबायचं होतं. वाढलेल्या पत्रावळींसमोर माणसं बसून राहिली, कुणी घोट घेतला नाही.

"कचरू असता तर एवढा उशीर बिलकुल झाला नसता," एक म्हातारा पुटपुटला.

मग गावातला शेवटचा नळ बराच वेळ वाहू दिला. तिथं लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. आकांक्षानं नळी भरली, थेंब टाकला, पेटीतल्या रंगांच्या पट्टीशेजारी धरली. पुष्पाबाई वाकून रंग बघू लागल्या.

फिका पिवळा. ०.२.