सत्तर आणि पन्नासच्या मधली खोली

माणसाचा केस ओलसर हवेत लांबतो. अगदी कोरड्या हवेतून दाट धुक्यात नेला, तर वीतभर लांबीचा केस जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा वाढतो. हवा सुकली की पुन्हा आखडतो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. केसाच्या टोकाला बारीक तरफ आणि तरफेला काटा जोडला की कळतं. मित्रांनो, मी असा काटा असलेला एक जुना आर्द्रतामापक आहे. माझं अंग पितळी आणि गोल आहे, आत केसांची एक जुडी ताणून बसवलेली आहे. हवेत मावेल त्याच्या शेकडा किती बाष्प आहे, एवढंच मी सांगतो.

उपकरणांच्या एका कारखान्यात मी तयार झालो. जुळणी करणाऱ्या बाईंनी केस स्पिरिटने धुऊन त्यांचं तेल काढलं, कारण तेलकट केसाला ओलावा लवकर जाणवत नाही. मग ओलं मीठ ठेवलेल्या बंद डब्यात मला बसवलं. अशा डब्यातली हवा पंच्याहत्तरच्या आसपास स्थिर राहते. काटा तिथे येईपर्यंत त्यांनी माझा मागचा स्क्रू हलक्या हाताने फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा. विचारलं की उत्तर तरी देतो."

माझी उमेदीची वर्षं एका संशोधन संस्थेच्या काचघरात गेली. सकाळी येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा आणि मग नळाला हात लावायचा. पुढे तिथे आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी मोडक्या कुंड्यांच्या कपाटात झाली. तिथून मला एका तरुण संशोधक मुलीने मागून घेतलं आणि घरी नेलं.

तिची खोली म्हणजे दुसरं काचघरच होतं. फर्न, अँथुरियम, कॅलेथिया, लाकडाच्या फळीवर बांधलेली ऑर्किड. सगळी उष्ण आणि ओल्या जंगलांतली झाडं. तिने कुंड्या एकमेकींजवळ मांडल्या, कारण पानं बाष्प सोडतात आणि शेजारच्या पानांना त्याचा आधार होतो. कोपऱ्यात हवेत वाफ सोडणारा ह्युमिडिफायर ठेवला. मला मात्र पानांच्या उंचीवर, खिडकीपासून आणि वाफेपासून लांब टांगलं. "सत्तरच्या आसपास असू दे," तिने आईला शिकवलं. "फवारा मारून काही होत नाही गं. पाणी उडालं की हवा होती तशीच."

मग ती नोकरीसाठी दूरच्या देशात गेली. दोन वर्षांसाठी, असं ठरलं होतं. जाताना आईला म्हणाली, "मी येईपर्यंत सांभाळशील ना?"

आई शिवणकाम करायची. सुईत दोरा ओवावा तितक्या निगुतीने तिने खोली सांभाळली. कुंड्यांची पानं ओल्या फडक्याने पुसली, ह्युमिडिफायरमध्ये उकळून गार केलेलं पाणी भरलं. फर्नचा नवा कोंब उलगडला की फोनवर दाखवायची. दोन वर्षं संपली. नोकरी वाढली. मुलीने तिकडेच लग्न केलं. एकदा ती म्हणालीही, "आई, जमत नसेल तर देऊन टाक ना कोणाला तरी." आईने तो विषय तिथेच मिटवला. झाडं दिली तर खोली रिकामी होणार होती, आणि रिकाम्या खोलीकडे बघून मुलगी येणार आहे असं म्हणता येत नाही.

बाबांचा दमा त्याच सुमारास बळावला. त्यांचं आयुष्य छापखान्यात कागदाच्या धुळीत गेलं होतं. खोलीची भिंत आणि त्यांच्या पलंगामागची भिंत एकच. कपाट सरकवलं तेव्हा त्या भिंतीवर बुरशीचा काळा पट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, घरातली हवा पन्नासच्या वर जाऊ देऊ नका.

तेव्हापासून मला एक जागा राहिली नाही. बाबा मला खिडकीपाशी नेऊन टांगत आणि खिडकी किलकिली करत. मी पंचेचाळीस दाखवायचो. आई आली की मला उचलून ह्युमिडिफायरपाशी ठेवायची. तिथे मी ऐंशीला जायचो आणि झाडांचं भागतंय असं तिला वाटायचं.

"बघ, पंचेचाळीस. खिडकी बंद असली की माझ्या छातीत घरघर होते आणि तू म्हणतेस मी नाटकं करतो."

"अहो, खिडकीत लावून बघितलं तर तेच दाखवणार. उद्या फ्रिजमध्ये ठेवा आणि म्हणा घरात बर्फ पडलाय!"

"आणि तू काय करतेस? त्याला वाफारा देतेस. सर्दी झालीय का त्याला?"

दोघंही थोडं हसत. मग बाबांना खोकला यायचा आणि हसणं तिथेच थांबायचं.

मित्रांनो, दोन्ही जागी मी खरंच बोलत होतो. जिथे टांगाल तिथलीच हवा मला कळते. खोलीच्या मधोमध, पानांच्या उंचीवर कोणी बघितलं असतं, तर मी साठ दाखवले असते. उघडझाप करणाऱ्या खिडकीने आणि रोज भरलेल्या पाण्याने मिळून तो आकडा तयार झाला होता. झाडांना तो कमी होता आणि बाबांना जास्त. कॅलेथियाच्या कडा करपल्या, फर्न तर काड्या होऊन गेलं. भिंतीवरचा पट्टा रुंदावत राहिला. मधला मार्ग सगळ्यांना पुरेल असं आपल्याला वाटतं. कधीकधी तो कोणालाच पुरत नाही. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, की माझ्यासारख्या मापकाला एकदा योग्य जागी टांगा आणि तिथेच राहू द्या. जागा बदलून आकडा बदलतो. श्वास घेणाऱ्याची हवा बदलत नाही.

हिवाळ्यात बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते नेब्युलायझर घेऊन. आता घरात वाफेची दोन यंत्रं झाली. भिंतीच्या अलीकडे ह्युमिडिफायर झाडांसाठी गुरगुरायचा, पलीकडे मास्क लावून बाबा बसलेले असायचे.

"मलाही एका कुंडीत लाव," एकदा मास्क काढून ते म्हणाले. "निदान पानं तरी पुसशील."

या वेळी आई हसली नाही. ती खोलीत आली आणि ओला फडका हातात धरून बराच वेळ उभी राहिली. एकही पान पुसलं नाही.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. फोनच्या पडद्यावर मुलीचं नवं घर होतं. ती बाल्कनी दाखवत होती. मग तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "माझं फर्न कसं आहे गं?" आई नेहमी फोन अँथुरियमकडे वळवायची आणि फर्न मागे आहे म्हणायची.

आईने फोन तसाच हातात धरून ठेवला. बाबांकडे एकदा बघितलं. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"फर्न कधीच गेलं, बाळा," ती म्हणाली. "उरलेलीही उद्या देऊन टाकते. तू आता परत येणार नाहीस."