दाराशी द्यायचं उत्तर

बोलोन्याच्या कमानींखाली तो माणूस बाजारापासून माझ्या मागे होता. नव्या घराची किल्ली मी आतच विसरले होते. मी बेल दाबली.

"कोण?" दारावरच्या स्पीकरमधून घरमालकीण इनेसबाईंनी विचारलं.

वर्गात शिकलेलं इटालियन मी नीट म्हटलं. "नमस्कार. माझं नाव दिल्दोरा. मी ताश्कंदची विद्यार्थिनी आहे."

"काही विकत घ्यायचं नाही! जा बाई!" नमस्कारापुढचं न ऐकताच त्या म्हणाल्या.

पावलं जवळ आली. शेजारचा ब्रूनो रोज दाराशी काय ओरडतो, ते मला आठवलं. मी पुन्हा बेल दाबली.

"कोण?"

"मी!"

लगेच इनेसबाईंनी वरून बटण दाबलं आणि दाराचा खटका उघडला. आत शिरून मी दार ओढून घेतलं. काचेपलीकडे तो थांबला. त्यानेही बेल दाबली.

"कोण?"

"मी," तो म्हणाला.

खटका उघडला.